तिसरे चाक

आमच्या घरासमोर जी गाडी उभी असते तिच्याकडे येणारा-जाणारा एकदा पाहतो, चार पावले पुढे जातो आणि पुन्हा वळून पाहतो. समोरून पाहावे तर ती अगदी खानदानी बुलेट. तोच गोल दिवा, दिव्याच्या डोक्यावर तेच अँपिअरचे काटेघर, टाकीवर त्याच सोनेरी रेघा. पण माणूस बाजूने हळूहळू मागे सरकला की त्याचा चेहरा बदलत जातो. मागे दोन चाके आहेत, मालरिक्षाची. त्यांवर पत्र्याचे मडगार्ड, आणि मधे दोन माणसे ऐसपैस बसतील असे बाक. कोपऱ्यावरच्या चहावाल्याच्या लेकाने तर मला सरळ विचारले, “काका, हे बुलेटचं लेकरू आहे का रिक्षाचं?”

मी म्हटले, “लेकरू नाही रे बाबा. म्हातारपण आहे तिचं.”

ही गाडी मी १९८४ साली घेतली. जुनीच घेतली. त्या वेळी मी विष्णुपुरी प्रकल्पावर ओव्हरसियर होतो. गोदावरी अडवायची, पाणी पंपाने वर उचलायचे आणि कालव्यांतून लांबच्या रानांत न्यायचे, असे ते काम. आज नांदेडहून लातूरच्या रस्त्याला लागणाऱ्या माणसाला विष्णुपुरीत एक विद्यापीठ, एक अभियांत्रिकी महाविद्यालय आणि एक भले मोठे सरकारी रुग्णालय दिसते. आमच्या वेळी मुख्य वस्ती म्हणजे गाव, काळेश्वराचे देऊळ आणि आम्ही खात्याची माणसे. बाकी माती. त्या मातीतून रोज कालव्याच्या कडेने हिंडायला सायकल पुरत नव्हती आणि साहेबांची जीप मिळत नव्हती. म्हणून बुलेट.

कामासाठी घेतलेली गाडी पुढे नाद लावते, हा अनुभव नवा नाही. माहूर, औंढा नागनाथ, कंधार, पंढरपूर. सुटी लागली की आमची स्वारी निघालीच. मागे सौ. एका बाजूला पाय सोडून बसलेली, तिचा उजवा हात माझ्या खांद्यावर, मांडीवर पिशवी. वळण आले की मी कलायचा, ती कलायची. तीस वर्षांत एकदाही मी तिला “आता कल” असे सांगितले नाही. १९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी आणि माझा एक सहकारी याच गाडीवर पावाच्या लाद्या आणि घोंगड्या बांधून औशापर्यंत आणि तिथून पुढे गेलो होतो. त्या प्रवासाचे मी फारसे कुणाला सांगत नाही. एवढेच सांगतो की परत येताना आम्ही दोघे एक शब्दही बोललो नाही आणि गाडीने वाटेत एकदाही कुरकुर केली नाही.

आता पायाचे सांगतो. मधुमेह घराण्यातच होता, त्यामुळे त्याच्याशी माझी वागणूक नातेवाइकाशी असावी तशी होती. आला तर बस म्हणायचे, पण फार लक्ष द्यायचे नाही. डाव्या अंगठ्याला चप्पल चावली. जखम झाली. दुखली नाही, म्हणून मी खूश. न दुखणे हेच त्या आजाराचे वाईट लक्षण, हे डॉक्टरांनी सांगितले तेव्हा उशीर झाला होता. २०२० साली डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. दोष कुणाचा म्हणाल तर सर्वस्वी माझा.

जयपूर फूट बसवला. हा पाय म्हणजे आपल्या देशाने जगाला दिलेली एक मोठी वस्तू आहे. जयपुरात एक अस्थिशल्यचिकित्सक आणि एक कारागीर, डॉ. प्रमोद करण सेठी आणि रामचंद्र शर्मा, यांनी १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तो घडवला. मांडी घालता यावी, अनवाणी चालता यावे, शेतात जाता यावे, असा आपल्याकडच्या माणसाचा विचार करून केलेला. दोन महिन्यांत मी चालू लागलो. चार महिन्यांत लोकांना मुद्दाम सांगावे लागू लागले की हा पाय खोटा आहे.

पण बुलेटला फसवता येईना. आताच्या मोटारसायकलींचा गिअर डाव्या पायाला असतो आणि मागचा ब्रेक उजव्या पायाला. आमच्या वेळच्या बुलेटचे उलटे. गिअर उजवीकडे, ब्रेक डावीकडे. लाकडा-रबराच्या पायाने ब्रेक दाबला तर तो दाबला जातो, पण किती दाबला हे कळत नाही. शिवाय गाडी थांबली की सवयीने डावा पाय खाली टेकायचा. दीड-पावणेदोनशे किलोची गाडी अशा पायावर रेलली की जे व्हायचे ते आमच्या फाटकातच झाले. मी खाली, गाडी माझ्यावर, आणि सौ. दारात. ती काही बोलली नाही. शेजाऱ्यांच्या मदतीने गाडी उभी केली, तिच्यावर जुनी सतरंजी टाकली आणि आत गेली.

सव्वा वर्ष गाडी त्या सतरंजीखाली होती. दर रविवारी मी सतरंजी काढायचो, पुसायचो, डिकॉम्प्रेसरची दांडी दाबून अँपिअरचा काटा मधे आणायचो आणि पुन्हा झाकायचो. किक मारायचो नाही.

आमचा मुलगा पुण्यात असतो. त्याने सुचवले, “बाबा, स्कूटर घ्या. तिला दोन्ही बाजूंना एकेक जादा चाक लावून देतात. हजारो लोक चालवतात.” त्याचे म्हणणे शंभर टक्के बरोबर होते. अशा स्कूटरी मी रोज पाहतो, आणि त्यांवरून नोकरीला, दुकानाला जाणारी माणसे माझ्यापेक्षा कितीतरी धीराची आहेत. पण मी नाही म्हणालो. खरे कारण तेव्हा सांगितले नाही, आज सांगतो. त्या स्कूटरला रस्त्यावर लोक वाट देतात, आणि वाट देताना त्यांच्या तोंडावर जे येते ते मला नको होते. हा गर्व आहे, मला कळते.

मुलगा माझाच असल्यामुळे हट्टाला हट्टाने उत्तर देतो. त्याने मग तीनचाकी मोटारसायकलींची चित्रे मोबाईलवर धाडायला सुरुवात केली, मी घाबरून नाद सोडावा म्हणून. परिणाम उलटा झाला. जगातली पहिली मोटार म्हणून जिचे नाव घेतात ती कार्ल बेंझची १८८६ ची गाडी तीनचाकीच होती, हे मला ठाऊकच नव्हते. अमेरिकेतल्या हार्ले-डेव्हिडसनने १९३२ पासून १९७३ पर्यंत एक तीनचाकी मोटारसायकल बनवली, ती तिथले पोलीस वापरत. महायुद्धानंतर उरलेल्या हार्ले गाड्यांना मागे दोन चाके आणि बाके जोडून दिल्लीकरांनी फटफटी केली; ती पार १९९८ पर्यंत धावली. सौराष्ट्रात तर बुलेटलाच मागे हौदा जोडून छकडो करतात. आणि लांब कशाला जा, ज्या रिक्षाने अख्खा महाराष्ट्र फिरतो ती आपल्याकडे आणली पुण्याच्या नवलमल फिरोदियांनी, १९४८-४९ च्या सुमारास. म्हणजे मी काही जगावेगळे करीत नव्हतो. माझ्याआधी बरेच जण याच वाटेने गेले होते, आणि त्यातले काही पोट भरायला गेले होते.

नांदेडला देगलूर नाक्याकडे एक उस्ताद आहेत. माझ्याएवढेच वय, दाढी पांढरी, चष्मा दोरीने बांधलेला. बुलेटचा आवाज ऐकून टॅपेट सैल की घट्ट सांगणारी पिढी आता संपत आली, त्यातले ते. मी रिक्षाने गेलो, पाय दाखवला आणि बेत सांगितला. त्यांनी पाय वाजवून पाहिला, जसा ते सायलेन्सर वाजवून पाहतात. म्हणाले, “फिकर नक्को साब. दो पाँव, दो चक्के, चार होते थे. अब एक पाँव, तीन चक्के. हिसाब तो वोइच है ना?”

हिशेब तोच असला तरी कायद्याचा हिशेब निराळा. गाडीत मनाला येईल तसा बदल करायला मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आडवे येते, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले. ते योग्यच आहे. उद्या प्रत्येक पोरगा गाडीला पंख लावील. मात्र अपंगत्व असलेल्या माणसासाठी गाडी बदलून घ्यायला कायद्याने जागा ठेवली आहे. २०१९ च्या दुरुस्तीने अशा गाडीची वेगळी व्याख्याच केली. अट अशी की तिचा वापर केवळ त्या माणसाने किंवा त्याच्यासाठीच व्हायला हवा. आधी परवानगी, मग काम, मग तपासणी, मग पुस्तकात नोंद, आणि स्वतःच्या लायसनचे पुन्हा वेगळे. हेलपाटे झाले, पण वाचकहो, ते टाळू नका. नोंद नसलेल्या गाडीने काही विपरीत घडले तर विमावाले ओळख दाखवीत नाहीत.

मी ती अट घरी वाचून दाखवली. सौ. म्हणाली, “म्हणजे भाजी आणायला आता कायद्यानेच तुम्ही.”

मग काम सुरू झाले. उस्तादांच्या पोराचे म्हणणे, मागे एक आडवा दांडा टाकू, दोन चाके लावू, साखळी एका चाकाला देऊ, झाले. स्वस्तातले काम असेच करतात. पण एकाच चाकाला जोर मिळाला की गाडी सदा एका अंगाला ओढते. आणि दोन्ही चाके एकाच दांड्याला पक्की केली तर ती वळायलाच तयार होत नाही, कारण वळणावर बाहेरच्या चाकाला लांबची वाट आणि आतल्याला जवळची. दोघांना एका वेगाने फिरवले तर एक घसटत जाणार. त्यासाठी मधे डिफरन्शियल लागतो. उस्तादांनी मोडीत निघालेल्या एका मालरिक्षाचा डिफरन्शियल आणला, त्याचे मूळचे मोठे दातेचाक उतरवले आणि तिथे साखळीचे चक्र बसवले. या एका गोष्टीला तीन आठवडे लागले, आणि मी रोज स्टुलावर बसून ते पाहिले. नोकरीत मी धरणाचे दरवाजे बसताना पाहिले आहेत; इतका जीव तेव्हा टांगणीला लागला नव्हता.

ब्रेक उजव्या पायाला आणला. गिअरला मग पाय उरला नाही, म्हणून गिअरबॉक्सपासून एक सळई वर घेऊन टाकीच्या उजव्या अंगाला दांडा बसवला. डाव्या हाताने क्लच, उजव्या हाताने गिअर. फार जुन्या काळच्या मोटारसायकलींना असा हाताचाच गिअर असे. हँडल रुंद केले, कारण मोटारसायकलचा पुढचा दुपाकी दांडा मागे कललेला असतो. दोन चाकांवर त्यामुळे गाडी सरळ धावते, पण तीन चाकांवर तोच कल हाताला जड लागतो. किक मात्र जुनीच ठेवली. आता गाडी तोलायची नसल्यामुळे बसल्या बसल्या उजव्या पायाने मारता येते.

खर्च किती आला हे मी अजून घरात खरे सांगितलेले नाही, तेव्हा ते इथे छापणे बरे नव्हे.

२०२२ च्या पावसाळ्यानंतर एका सकाळी उस्ताद मागे बसले आणि आम्ही कालव्याच्या कडेच्या रस्त्याला गाडी घातली. रस्ता निर्मनुष्य, ओळखीचा. त्याची आखणी करताना मी उन्हात उभा होतो. किक लागली, तो जुना ठोका सुरू झाला आणि माझ्या डोळ्यांना काय झाले कोण जाणे, चष्मा पुसावा लागला. पहिला, दुसरा, तिसरा गिअर. सरळ रस्त्यावर गाडी पालखीसारखी चालली. पुढे डावीकडे वळण होते. उजव्या हाताला कालवा.

इथे थोडे शास्त्र सांगणे भाग आहे. दुचाकी वेगात असताना डावीकडे वळायची झाली तर आपण हँडल डावीकडे फिरवत नाही. उलट डावी मूठ नकळत किंचित पुढे ढकलतो. त्याने चाक क्षणभर उजवीकडे वळते, गाडी डावीकडे कलते, आणि कलली की वळते. हे आपल्याला कुणी शिकवत नाही आणि करताना कळतही नाही. सायकल शिकणाऱ्या पोरालाही येते. पण तीनचाकी कलत नाही. तिची डावी मूठ पुढे ढकलली तर ती निमूटपणे उजवीकडे जाते.

मी अंग डावीकडे टाकले आणि डावी मूठ ढकलली. गाडी उजवीकडे निघाली. मी घाबरून आणखी ढकलली. ती आणखी उजवीकडे निघाली. छत्तीस-अडतीस वर्षांची सवय कालव्याकडे बोट दाखवीत होती आणि मी तिचेच ऐकत होतो. नशिबाने उजवा पाय माझा स्वतःचा होता. ब्रेक लागला तेव्हा पुढचे चाक भरावाच्या कडेवर होते आणि खाली पाणी संथ चालले होते.

बराच वेळ कुणी बोलेना. मग मागून उस्ताद म्हणाले, “साब, गाडीकू पानी पिलाना था क्या?”

त्या दिवसानंतर सतरंजी पुन्हा बाहेर निघाली. मी घरी सांगितले की डिफरन्शियलचा आवाज येतो आहे. दोन आठवडे तो आवाज येत राहिला. तेराव्या-चौदाव्या दिवशी सौ.ने चहा पुढे ठेवला आणि म्हणाली, “अहो, मी दवाखान्यात असताना माळेगावच्या खंडोबाला बोलले आहे.”

“काय बोललीस?”

“की हे स्वतः गाडी चालवत तुझ्या पायाशी येतील. आता मी त्याला डिफरन्शियलचा आवाज येतो म्हणून कसं सांगू?”

मी म्हटले, “मला न विचारता बोललीस?”

“तुम्ही शुद्धीवर नव्हता.”

दुसऱ्या दिवशी मी स्टँडवरच्या एका ओळखीच्या रिक्षावाल्याकडे गेलो आणि त्याच्या शेजारी खेटून बसून दिवसभर नांदेड फिरलो. त्याचे मीटरही दिले. संध्याकाळपर्यंत मी फक्त त्याचे हात पाहिले. शेवटी त्याला खरे सांगितले. तो हसला नाही. म्हणाला, “साहेब, तुम्ही ढकलता. ढकलू नका, ओढा. ज्या अंगाला जायचं त्या अंगाचा हात पोटाकडं ओढा. आन् वळण यायच्या आधी सावकाश व्हा. वळणात ब्रेक मारला की तीन चाकांची दोन व्हायला येळ लागत न्हाई.”

दुसरी गोष्ट मला माहीत असायला हवी होती. तिपाई खडबडीत जमिनीवर कधी डुगडुगत नाही, चार पायांचा पाट डुगडुगतो. पण त्याच तिपाईच्या दोन पायांमधल्या कडेवर हात रेटला तर ती पटकन उलटते. माझ्या गाडीला पुढे एकच पाय आहे. म्हणून वळणावर अंग आतल्या बाजूला झुकवायचे, तेही तोल म्हणून नव्हे, वजन म्हणून.

महिनाभर मी विष्णुपुरीच्या रिकाम्या मैदानात आठाचा आकडा काढीत राहिलो. वेग बैलगाडीचा. तोंडाने “ओढ, ओढ” म्हणायचो. कॉलेजची पोरे थांबून पाहत. चांगली गोष्ट एवढीच झाली की त्यांच्या तोंडावर मला नको असलेले ते काही दिसले नाही. “काका, एक राउंड?” असे विचारत. मी कायदा सांगत असे. या महिन्यातच आणखी एक धडा मिळाला. मोटारसायकलला स्टँड असतो. तीनचाकी आपली आपण उभी राहते, आणि उतार असला तर आपली आपण चालूही लागते. एका दुपारी ती फाटकातून निघाली आणि शेजाऱ्यांच्या कर्दळीत जाऊन विसावली. उस्तादांनी हँडब्रेक बसवून दिला. सौ.चा त्याच्यावर विश्वास नाही. तिने अंगणातला एक चौकोनी दगड बाकाखाली ठेवला आहे.

यात्रेला अजून अवकाश होता, तेव्हा एका पहाटे आम्ही माळेगावला निघालो. मार्गशीर्षात तिथे खंडोबाची केवढी यात्रा भरते आणि घोडे, गाढवे, उंट यांचा कसा बाजार लागतो, हे मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको. लातूरच्या रस्त्याने, लोहा ओलांडून. दुचाकीवर खड्डा चुकवणे म्हणजे एक चाक चुकवणे, मागचे त्याच्या मागून येते. तीनचाकीचे तीन माग. पुढचे चाक वाचवावे तर मागचे एक हमखास सापडते, आणि त्याच चाकावर सौ. बसलेली असते. लोह्यापर्यंत मी चार वेळा “लागलं का?” विचारले. पाचव्यांदा ती म्हणाली, “पुढं बघा.”

एक गोष्ट मात्र मला वाटेत सारखी खुपत होती. खांदा रिकामा होता. बाक मागे आहे, तिचा हात पोचत नाही. तिला धरून बसायची गरजही नाही. ती आरामात टेकून, पदर सावरून, दोन्ही बाजूंची रानं पाहत होती. मी आरशातून पाहिले. एक डावे वळण आले. मी वेग कमी केला, डावा हात पोटाकडे ओढला, अंग आत टाकले. गाडी सरळ उभी राहूनच वळली. आणि आरशात मागे ती, सवयीने, डावीकडे कललेली.

माळेगावात गाडी देवळाकडे जाणाऱ्या उतारावर लावली. मी हँडब्रेक ओढला. ती उतरली, बाकाखालून दगड काढला, मागच्या चाकाला नीट लावला, पायाने दाबून पाहिला आणि भंडाऱ्याची पुडी घेऊन म्हणाली, “चला.”